एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह, पण बायोप्सीत पी१६ तुटक: कोणता रिपोर्ट धरायचा?

काचपट्टी_सोलापूर
नमस्कार. पॅथॉलॉजीतला प्रश्न आहे. वय ३६, एचपीव्ही १६ (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडलेला विषाणू) पॉझिटिव्ह, पॅप स्मिअर (खरवडून घेतलेल्या पेशींची तपासणी) नॉर्मल. कॉल्पोस्कोपीत (भिंगातून गर्भाशयमुख पाहताना) घड्याळाच्या १२ च्या जागी फिकट पांढरा भाग दिसला म्हणून तिथला एकच तुकडा घेतला. एच अँड ई (नेहमीचा स्टेन) वर सीआयएन १ की २ (कॅन्सरपूर्व बदल, १ सौम्य ते ३ तीव्र) ते ठरेना, म्हणून पी१६ (पेशीतल्या एका प्रथिनाचा स्टेन) लावला. डाग कुठे आहे, कुठे नाही, असा तुटक. ओपीडीतून विचारणा आली: विषाणू आहे म्हणता आणि मार्कर नाही म्हणता, मग चुकलं कोण? संसर्ग ते कॅन्सर या वाटेवर कोणता मार्कर कुठे बसतो ते कुणी सांगेल का? की-६७ (विभाजन होणाऱ्या पेशी दाखवणारा स्टेन) पण लावावा का?

डॉ_सातरस्ता
कुणीच चुकलेलं नाही. डीएनए चाचणी ‘विषाणू आहे का’ एवढंच सांगते. पी१६ सांगतो, विषाणूने पेशीचं चक्र ताब्यात घेतलंय का. पहिलं ‘हो’ आणि दुसरं ‘नाही’, ही अगदी नेहमीची जोडी.

क्रम असा. गर्भाशयमुखाच्या ट्रान्सफॉर्मेशन झोनमध्ये (जिथे आतला आणि बाहेरचा थर मिळतो त्या पट्ट्यात) बारीक ओरखड्यातून विषाणू तळाच्या थरातल्या पेशींत शिरतो. त्याचा डीएनए, म्हणजे सुमारे ८,००० बेस जोड्यांचं गोल कडं, केंद्रकात सुटाच राहतो. पेशी वर सरकत पक्व झाल्या की तिथे त्याच्या प्रती निघतात, एल१ आणि एल२ या प्रथिनांचं कवच चढतं आणि कोइलोसाइट (केंद्रकाभोवती पोकळी असलेल्या पेशी) दिसतात. सीआयएन १ बहुतेक वेळा एवढंच असतं. ९० टक्क्यांच्या आसपास संसर्ग दोनेक वर्षांत शरीरच निपटतं.

गडबड उरलेल्यांत होते. विषाणूचं ई२ हे प्रथिन त्याच्याच ई६ आणि ई७ या प्रथिनांना आवरून धरतं. विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात घुसताना बहुधा ई२ च्या जागीच तुटतो आणि तो लगाम सुटतो. (घुसल्याशिवाय हे होतच नाही असं मात्र नाही. १६ च्या काही कॅन्सरमध्ये डीएनए सुटाच सापडतो.) मग ई६ हे पेशीतल्याच ई६एपीच्या मदतीने पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या प्रथिनाची विल्हेवाट लावतं, शिवाय टेलोमरेज (पेशीला विभाजत ठेवणारं एन्झाइम) चालू करतं. ई७ हे पीआरबीला, म्हणजे विभाजनाला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनाला, निकामी करतं, त्याने धरून ठेवलेला ई२एफ मोकळा होतो आणि तळाच्या पेशी थांबायचं नाव घेत नाहीत. पीआरबी गेला की पी१६ भरमसाट बनतो. तो एरवी विभाजन रोखणारा, पण ज्याच्यामार्फत रोखायचं तो पीआरबीच जागेवर नाही. म्हणून पी१६ चा गच्च डाग म्हणजे ई७ कामाला लागल्याची खूण.

तरी घाई नसते. सीआयएन ३ वर उपचार झाले नाहीत अशा स्त्रियांचा न्यूझीलंडमध्ये अभ्यास झाला, तेव्हा ३० वर्षांत साधारण ३० टक्क्यांना कॅन्सर झाला. एचआयव्हीवर उपचार चालू नसतील तर ही वाट बरीच आखूड होते.

ब्लॉक_पॉझिटिव्ह
पी१६ ‘थोडा पॉझिटिव्ह’ असं लिहूच नका, निम्मा गोंधळ तिथेच होतो. तळाच्या थरापासून सलग, केंद्रक आणि सायटोप्लाझम दोन्हीत गडद, आणि वर किमान एक तृतीयांश जाडीपर्यंत पोचलेला असेल तरच ब्लॉक पॉझिटिव्ह. तुटक, फिकट किंवा फक्त वरच्या थरात असेल तर सरळ निगेटिव्ह. १ की २ अशा वादात पी१६ निगेटिव्ह असेल तर एलसिल (सौम्य बदल) म्हणून सोडा. उलट, स्पष्ट सीआयएन १ दिसत असताना उगाच पी१६ लावू नका. त्यातले काही पॉझिटिव्ह निघतात आणि रुग्णाला विनाकारण लीपकडे (तारेने तो भाग कापून काढण्याकडे) ढकललं जातं.

निगेटिव्हवर विश्वास ठेवण्याआधी त्याच काचेवर माहीत असलेल्या एचसिलचा (तीव्र बदलाचा) तुकडा कंट्रोल म्हणून हवाच. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, दहापट तरी द्रावणात, ६ ते ७२ तास. सलाइनमध्ये पाठवलेल्या तुकड्यावरचा फिकट डाग वाचायला जाऊ नका.

की-६७ इथे दुय्यम. कोवळ्या मेटाप्लाझियात (एका प्रकारच्या पेशींची जागा दुसऱ्या घेताना) आणि सुजेत तो वाढतो, ब्लॉक तिरका कापला गेला तरी वर चढल्यासारखा भासतो. रजोनिवृत्तीनंतरचा अ‍ॅट्रोफी (थर पातळ होणं) की एचसिल, असा पेच पडला की मात्र हमखास उपयोगी.

स्त्रीरोग_होटगीरोड
रुग्णाच्या बाजूने सांगते. पी१६ निगेटिव्ह आला म्हणून फाइल बंद करायची नाही. १६ किंवा १८ असेल तर स्मिअर नॉर्मल असला तरी थेट कॉल्पोस्कोपी, ते तुमच्याकडे बरोबर झालंय. पण एकच तुकडा कमी पडतो. पांढऱ्या दिसणाऱ्या जागांमधून दोन ते चार घ्यावेत, आणि जंक्शन (दोन थरांची सीमा) पूर्ण दिसत नसेल तर आतल्या नळीचं क्युरेटिंगही (खरवडून घेतलेला नमुना). अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड ३ ते ५ टक्के, लावल्यावर पूर्ण एक मिनिट थांबायचं. गर्दीत हे मिनिटच खाल्लं जातं. सगळं मिळून एलसिलच निघालं तर लीप नको, वर्षभराने पुन्हा एचपीव्ही चाचणी. आता लस दिली तरी असलेला संसर्ग जाणार नाही, हेही त्यांना स्पष्ट सांगा.

एचपीव्ही चाचणीवर आपल्याकडे विश्वास कमी दिसतो, त्याचं नवल वाटतं. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा, वेगवेगळ्या तपासण्यांचे गट पाडून, अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने पुढच्या टप्प्यातले कॅन्सर आणि मृत्यू निम्म्यावर आले. जगभर दाखला दिला जातो तो या शेजारच्या जिल्ह्याचा.

काचपट्टी_सोलापूर
आभार. ब्लॉक खोलवर पुन्हा कापायला सांगतो. स्मिअरवर पी१६ आणि की-६७ चा दुहेरी स्टेन केला तर?

ब्लॉक_पॉझिटिव्ह
चालेल, पण नियम लक्षात ठेवा: दोन्ही रंग एकाच पेशीत हवेत, तपकिरी सायटोप्लाझम आणि लाल केंद्रक. अशी एक पेशी मिळाली तरी पॉझिटिव्ह. दोन शेजारच्या पेशी एकमेकींवर चढल्या असतील तर ती धरायची नाही. एससीसी अँटिजेन (या कॅन्सरचा मार्कर) रक्तात तपासायला कुणी लिहिलं तर थांबवा. ते कॅन्सर सिद्ध झाल्यावर पाठपुराव्यासाठी, निदानासाठी नाही.

लॅब_अक्कलकोटरोड
एक राहिलंच. इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात नमुन्याची बाटली कुरिअरवाल्याच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. बहुतेक द्रावणांची मर्यादा ३० अंश असते. पाळीत नमुना नको, आणि आदले दोन दिवस योनीत औषध किंवा क्रीम नको. रिपोर्टमध्ये बीटा-ग्लोबिनसारखा अंतर्गत कंट्रोल (नमुन्यात पेशी पुरेशा आहेत का ते दाखवणारा) ‘इनव्हॅलिड’ आला तर त्याचा अर्थ निगेटिव्ह नव्हे, नमुना पुन्हा घ्यायचा. आणि तंबाखू-मशेरीवाल्यांच्या गालाच्या कॅन्सरवर पी१६ ची मागणी वारंवार येते. तिथे त्याने काही ठरत नाही. टॉन्सिल किंवा जिभेचं मूळ असेल तरच लावा, आणि तिथे निकष वेगळा: ७० टक्के पेशींत गडद डाग.