अधूनमधून सुरू न होणाऱ्या जुन्या पेट्रोल गाड्या : तुमचे अनुभव सांगा

गाडी कायमची बंद पडली तर एक बरं असतं, मेकॅनिकसमोरही ती बंदच राहते. जीव खाते ती लहर लागली की रुसणारी. दहा वेळा एका किल्लीत सुरू होईल, अकराव्यांदा ढिम्म. आणि बॉनेट उघडायला कोणी जाणकार आला की लगेच सुरू, जणू आपणच कांगावा करत होतो.

माझी गाडी वीस वर्षांची आहे. आठ महिने हा खेळ चाललाय. किल्ली फिरवली की एकदाच 'टक्' होतं आणि पुढे काही नाही. दिवे मात्र लख्ख, जरासुद्धा मंद होत नाहीत. पाच-सहा वेळा किल्ली फिरवली की कधीतरी इंजिन फिरतं. आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ (इंजिन फिरवून देणारी मोटर) बदलला. दोन्ही वेळा पंधरा दिवस गाडी सुतासारखी सरळ, नंतर पुन्हा तेच. बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. हल्ली क्लचही जड झालाय, पण तो वेगळा विषय.

तुमच्या गाडीने असा छळ केला असेल तर लिहा. शेवटी काय निघालं एवढंच नको, कसं सापडलं तेही हवं.

*

सर्वात आधी एक वाटणी करून टाका : इंजिन फिरतच नाही, की फिरतं पण पकडत नाही? पहिल्यात बॅटरी, वायरी, सेल्फ, किल्लीचा स्विच. दुसऱ्यात पेट्रोल, ठिणगी, सेन्सर. मी ही वाटणी न करता सहा महिने घालवले, म्हणून सांगतोय.

माझी दुसऱ्या गटातली. सकाळी गार असताना चटकन सुरू. तास-दीड तास चालवून दहा मिनिटं थांबलो की इंजिन गरगर फिरायचं, पकडायचं नाही. अर्ध्या तासाने आपोआप ठीक. प्लग बदलले, कॉइल बदलली, फ्युएल पंपही बदलून झाला. स्कॅनर लावला तर एकही कोड नाही.

शेवटी लक्ष गेलं आरपीएमच्या काट्याकडे. गाडी नीट असताना सेल्फ मारला की काटा किंचित उचलायचा. बिघडलेली असताना तो शून्यावर चिकटलेला. म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नव्हतं, मग तो ठिणगी देणार कशाला? क्रँकशाफ्ट सेन्सर गरम झाला की आतून तुटायचा आणि गार झाला की जुळायचा. खात्रीसाठी बंद पडलेली असताना सेन्सरवर गार पाण्याचं ओलं फडकं धरलं. चार मिनिटांत गाडी सुरू. सेन्सर बदलल्याला तीन वर्षं झाली, पुन्हा कधी त्रास नाही.

एक मात्र आहे, काही गाड्यांत चांगल्या अवस्थेतही काटा हलत नाही. तेव्हा आपल्या गाडीचा काटा काय करतो हे ती शहाणी असताना बघून ठेवा.

*

माझ्या गाडीचा किल्लीचा स्विच झिजला होता. किल्ली फिरवताना जरा मागे-पुढे केली की लागायची. किल्लीला सतरा किल्ल्यांचा जुडगा लटकत होता, तो काढला आणि स्विचचा मागचा इलेक्ट्रिकचा भाग बदलला. बास.

*

आमची कार्ब्युरेटरची. ज्यांनी फक्त इंजेक्शनच्या गाड्या चालवल्यात त्यांना हा प्रकार माहीत नसेल. तापलेलं इंजिन बंद केलं की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि आत सांडतं. पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की पेट्रोलचा वास आणि नुसती घरघर. मी नव्याने शिकले तेव्हा घाबरून अॅक्सिलरेटर पंपासारखा दाबायचे. प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत, म्हणजे बुडत्याला दगड. वडिलांनी दाखवलं : पेडल तळापर्यंत एकदाच दाबायचं, तसंच धरायचं आणि सेल्फ मारायचा. भरपूर हवा जाते, जादा पेट्रोल निघून जातं. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांतही सेल्फ मारताना पेडल पूर्ण दाबलं की इंजेक्टर बंद राहतात, ते याचसाठी.

गार असताना सुरू होत नसेल तर मात्र चोक (गार इंजिनसाठी हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी झडप) बघा, ते उलटं दुखणं.

*

सकाळी पहिल्यांदा लांबलचक सेल्फ, दिवसभर ठीक, असं असेल तर एक फुकटची चाचणी. किल्ली ऑन करा, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची गुणगुण येईल. ती थांबली की ऑफ करा. असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. झटकन पकडली तर रात्रभरात लाइनीतलं प्रेशर उतरतंय, बहुतेक वेळा पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर.

आणि गुणगुण कधी येते, कधी येत नाही असं झालं तर आधी रिले, म्हणजे पंपाला करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच. माझ्या रिलेच्या आत डाखाला केसाएवढी चीर होती. उन्हात गाडी तापली की संपर्क जायचा. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे लावला आणि गाडी सुरू, हॉर्न मुका! पेट्रोलच्या लाइनी मात्र हौसेखातर सोडू नका. इंजेक्शनच्या लाइनीत प्रेशर असतं आणि शेजारी गरम इंजिन.

*

सुरू होऊन सेकंदभरात बंद पडत असेल आणि डॅशवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे किल्लीतली चिप ओळखली नाही तर गाडी चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. माझ्या रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली होती, दोघींची आपसांत भांडणं. वेगळ्या केल्या, मिटलं.

*

टक् आवाज येत असेल तर सेल्फवर हातोडी मारा, आमच्याकडे वर्षभर चाललं.

*

हातोडी हलकी ठेवा हो! बऱ्याच सेल्फमध्ये आत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात, जोरात मारलं तर तडकतात. शिवाय ठोकल्यावर चालला म्हणजे दुखणं सेल्फमध्येच, हेही नक्की नाही. ठोकताना जवळची वायरही हलते.

धागा काढणाऱ्यांसाठी : टक् होतं आणि दिवे मंद होत नाहीत, हीच तर खूण आहे. सेल्फने खरंच करंट ओढला असता तर दिवे बसले असते. म्हणजे वाट कुठेतरी अडलीय. बॅटरी १२.६ दाखवते ती भार नसताना, तिने वायरींबद्दल काही कळत नाही. गाडी रुसलेली असतानाच मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक. त्याहून बरंच जास्त आलं तर अर्थिंग, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी, गेलंय. मीटर नसेल तर जंपर केबलची एक तार निगेटिव्ह खांब ते इंजिन अशी जोडा आणि बघा.

आणि क्लच वेगळा विषय नसावा. सेल्फ मारल्यावर क्लचच्या केबलला हात लावून बघा, जपून.

*

माझं उत्तर कोणाच्याच कामाचं नाही, तरी लिहितो. गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी मेलेली. डिकीचा दिवा झाकण लावल्यावरही चालू राहायचा. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून फोन डिकीत ठेवला, तेव्हा दिसलं. त्याआधी मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत जोडून चोरटा करंट मोजत होतो. गाडी पूर्ण झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपच्या आत हवा, माझा ४०० च्या वर. मीटर तसाच जोडलेला असताना सवयीने किल्ली फिरवली. मीटरचा फ्युज कसा उडतो ते मला विचारा.

*

धागाकर्ता बोलतोय. आज सकाळी महाराणी रुसल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आनंद झाला. मीटर लावला : ४.३ व्होल्ट! जंपर केबल निगेटिव्ह ते इंजिन जोडली, पहिल्याच किल्लीला सुरू.

इंजिनची अर्थिंगची पट्टी काढली. वरून धडधाकट, पण बोल्टाखाली हिरवी भुकटी आणि आतल्या तारांपैकी जेमतेम चार-पाच शाबूत. इंजिन बंद होताना ज्या अंगाला टेकायचं त्यावर त्या तारा चिकटायच्या की सुटायच्या ते ठरत असावं. बॅटरी आणि सेल्फ बदलताना दोन्ही वेळा ती हलली, म्हणून ते पंधरा दिवस.

क्लचचंही खरं निघालं. अर्थिंग मिळेना म्हणून सेल्फचा करंट क्लचच्या केबलमधून वाट काढत होता. केबलच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटलंय. जुना सेल्फ फेकला नव्हता, तो थेट बॅटरीवर लावून बघितला, झकास फिरतो. नवी पट्टी बसवली, क्लचची केबल उद्या येतेय.