डिसऑर्डर वाढला की सुपरकंडक्टर थेट इन्सुलेटर कसा काय होतो? (सेमिनार आहे, मदत करा)

ऐरोलीचा_बाब्या:

नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डिसऑर्डर्ड सुपरकंडक्टरमधलं क्वांटम फेज ट्रान्झिशन (म्हणजे थंड केल्यावर रेझिस्टन्स शून्य होणाऱ्या पदार्थात अणूंची रचना विस्कटत नेली की त्याची अवस्था बदलते ते) हा सेमिनारचा विषय हौसेने मागून घेतला आणि आता वाचतोय तसतसा जास्तच घोळ होतोय. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने १९५९ मध्ये दाखवलं की मॅग्नेटिक नसलेली अशुद्धी कितीही टाका, टीसीवर (ज्या टेम्परेचरखाली सुपरकंडक्टर होतो ते) फारसा फरक पडत नाही. बरं, मान्य. मग १९८९ मध्ये हॅविलँड, लिउ आणि गोल्डमन यांनी बिस्मथच्या फिल्म घेतल्या, जर्मेनियमच्या थरावर एकदम पातळ, थोडी थोडी जाडी वाढवत गेले, तर जाड असेल तर थंड केल्यावर रेझिस्टन्स शून्य आणि जरा पातळ असेल तर थंड करू तसा रेझिस्टन्स वाढतच जातो. मधे साधा मेटल जवळजवळ नाहीच! हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

दुसरं म्हणजे सगळीकडे ६.४५ किलो ओहम हा आकडा येतो, तो कुठून येतो? गाईड सरांना विचारलं तर म्हणाले वाच म्हणजे कळेल. वाचलं. नाही कळलं.

नेरुळची_ताई:

अरे बाब्या, अँडरसन चुकला नाहीये, त्याच्या अटी सगळे विसरतात. त्याचं म्हणणं एवढंच की अशुद्धीमुळे इलेक्ट्रॉनची स्टेट कितीही वेडीवाकडी झाली तरी त्या स्टेटचा काळ उलटा फिरवलेला जोडीदार त्याच एनर्जीला असतो, मग त्या दोघांची कूपर पेअर (इलेक्ट्रॉनची जोडी, सुपरकंडक्टरमध्ये करंट हीच वाहते) बनते आणि काम चालू राहतं. (मॅग्नेटिक अशुद्धी हीच जोडी फोडते म्हणून ती बाद.) पण यात धरलंय की डिसऑर्डर फार नाही, गॅप (पेअर फोडायला लागणारी एनर्जी) सगळीकडे सारखा आहे, आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात ते डिसऑर्डरमुळे बदलत नाही. पातळ घाण फिल्ममध्ये या तिन्ही गोष्टी कोलमडतात.

आता सुपरकंडक्टिव्हिटी मरायचे दोन रस्ते आहेत आणि सेमिनारमध्ये हे वेगळे दाखवलेस तर अर्धं काम झालं. पहिला, पेअरच तुटतात. डिसऑर्डरमध्ये इलेक्ट्रॉन भटकत भटकत हळू सरकतात, एकमेकांच्या आसपास जास्त वेळ राहतात, त्यामुळे त्यांच्यातलं रिपल्शन नीट झाकलं जात नाही आणि पेअर बनवणारं आकर्षण त्यात कमी पडतं. टीसी घसरत घसरत शून्यावर. फिंकेलस्टाइनने १९८७ मध्ये याचं गणित केलं.

दुसरा रस्ता जास्त मजेदार. पेअर राहतात पण त्यांचा फेज (त्यांच्या क्वांटम लाटेचा ठेका) जुळत नाही. चैत्र पाडव्याला ठाण्यात तलावपाळीला कधी गेलायस का, चार ढोल पथकं चार बाजूंना वाजवत असतात, प्रत्येक पथकात सगळे एका ठेक्यात पण एका पथकाचा ठेका दुसऱ्याशी जुळत नाही, तसं. घोषाल, रंदेरिया आणि त्रिवेदी यांनी १९९८ मध्ये गणित करून दाखवलं की डिसऑर्डर सगळीकडे एकसारखा पसरलेला असला तरी गॅप आपोआप बेटांमध्ये फुटतो, काही ठिकाणी मोठा, मधल्या जागेत अगदी नगण्य. रेझिस्टन्स शून्य व्हायला नुसत्या पेअर पुरत नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेज एक लागतो.

आणि हे 'क्वांटम' का, तर बेटावर पेअर किती आहेत हा आकडा आणि बेटाचा फेज, दोन्ही एकदम पक्के करता येत नाहीत, अनिश्चिततेचा नियम. बेटांमध्ये पेअर सहज उड्या मारत असतील तर आकडा मोकळा आणि फेज पक्का, म्हणजे सुपरकंडक्टर. उडी मारणं अवघड आणि एक जादाची पेअर ठेवायचा खर्च मोठा असेल तर आकडा पक्का होतो, फेज वाऱ्यावर, पेअर जागच्या जागी अडकतात. इन्सुलेटर. यात उष्णतेचा हात कुठेच नाही, टेम्परेचर शून्य धरलं तरी हे होणारच, फक्त जाडी किंवा डिसऑर्डर किंवा मॅग्नेटिक फील्ड बदलायचं.

रबाळे_कोटिंग:

मी रबाळे एमआयडीसीत व्हॅक्यूम कोटिंगमध्ये आहे, फिजिक्स बीएस्सीनंतर सुटलं, पण वाचायला मजा आली. एक भर घालतो, तो ६.४५ आकडा 'ओहम पर स्क्वेअर' आहे हे पोराने लक्षात ठेवावं. पातळ फिल्मचा चौकोनी तुकडा घेतला तर तो एक मिलिमीटरचा असो की एक फुटाचा, समोरासमोरच्या कडांमधला रेझिस्टन्स तोच येतो, लांबी वाढली तेवढी रुंदीही वाढली ना. म्हणून आम्ही चार पिनांचा प्रोब टेकवून थेट शीट रेझिस्टन्सच मोजतो.

माझा प्रश्न, हे लोक डिसऑर्डर वाढवतात म्हणजे नक्की करतात काय? मुद्दाम घाण टाकतात का चेंबरमध्ये 😄

नेरुळची_ताई:

@रबाळे_कोटिंग काका, तुमच्याच पद्धतीने करतात! कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) नायोबियम नायट्राइडवर हे काम झालंय, नायोबियमचं टार्गेट, आर्गॉन आणि नायट्रोजन, रिॲक्टिव्ह स्पटरिंग. पॉवर आणि गॅसचं प्रमाण बदललं की क्रिस्टलमध्ये नायोबियमच्या जागा रिकाम्या राहतात, तोच डिसऑर्डर. चांगल्या फिल्मचा टीसी १६ केल्विनच्या आसपास आणि बिघडवत नेलं की २ च्याही खाली. आणि तुम्ही ड्रिल बिटवर जो सोनेरी टायटॅनियम नायट्राइड चढवता ना, तोही सुपरकंडक्टर आहे, काही केल्विनला. त्याच्या अगदी पातळ फिल्मवर याच विषयाचं ढीगभर काम झालंय.

बाब्या, आता तुझा आकडा. आकडा म्हणजे एच भागिले चार ई वर्ग (एच प्लँकचा स्थिरांक, ई इलेक्ट्रॉनचा चार्ज). एच भागिले ई वर्ग म्हणजे २५,८१२.८ ओहम, त्याचा चौथा भाग ६,४५३. चौथा का, तर इथे चार्ज पेअरचा आहे, २ई, त्याचा वर्ग. समजून असं घे की करंट येतो पेअर पलीकडे गेल्या की, प्रत्येकी २ई. व्होल्टेज येतं व्हॉर्टेक्स (मॅग्नेटिक फ्लक्स धरलेला करंटचा भोवरा) फिल्मला आडवा ओलांडून गेला की, प्रत्येकी एच भागिले २ई एवढा फ्लक्स. सुपरकंडक्टरमध्ये व्हॉर्टेक्स अडकलेले आणि पेअर मोकळ्या, इन्सुलेटरमध्ये बरोब्बर उलटं. ऐन मधे दोघं सारखेच मोकळे, एका पेअरमागे एक व्हॉर्टेक्स धरलास तर व्होल्टेज भागिले करंट किती येतं ते काढ. हे सगळं मॅथ्यू फिशरच्या १९९० च्या कामातून आलंय. पण स्लाइडवर 'सगळ्या मटेरियलमध्ये हाच आकडा येतो' असं लिहू नकोस हं, प्रयोगात आकडे इकडे तिकडे पसरलेले आहेत, काही याच्या जवळ, काही बरेच लांब. बिस्मथवाल्यांचा जवळ आला म्हणून तो एवढा गाजला.

घोडबंदर_रोड_१:

ताई सगळं ठीक पण इन्सुलेटरमध्ये पेअर आहेत हे कशावरून? रेझिस्टन्स वाढला म्हणजे पेअर असतीलच असं काही नाही, साधं अँडरसन लोकलायझेशनही (डिसऑर्डरमुळे एकेकटे इलेक्ट्रॉनच जागी अडकणं) असू शकतं की. मला हे नेहमी थिअरीवाल्यांनी आधी ठरवून टाकलेलं वाटतं.

नेरुळची_ताई:

शंका एकदम रास्त, नुसत्या रेझिस्टन्सवरून नाहीच सांगता येत. पण दुसरे पुरावे आहेत. २००७ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी बिस्मथच्या फिल्मला मधमाशांच्या पोळ्यासारखी नॅनो भोकं ठेवली आणि इन्सुलेटर असलेल्या फिल्मवर मॅग्नेटिक फील्ड बदलत नेलं, तर रेझिस्टन्स लाटेसारखा वरखाली झाला आणि प्रत्येक भोकामागे त्याचा पिरियड आला एच भागिले २ई. एकेकटे इलेक्ट्रॉन फिरत असते तर एच भागिले ई आला असता. माझ्या मते यापेक्षा सुंदर पुरावा या विषयात नाही, सेमिनारमध्ये एकच ग्राफ दाखवायची परवानगी असेल तर हाच दाखव.

मग एसटीएम (सुईच्या टोकाने जागोजागी गॅप मोजणारा मायक्रोस्कोप). टीआयएफआरला नायोबियम नायट्राइडवर, बाहेर टायटॅनियम नायट्राइड आणि इंडियम ऑक्साइडवर, फार डिसऑर्डर असलेल्या फिल्ममध्ये टीसीच्या वर गेल्यावरही गॅपसारखी दरी शिल्लक दिसते. म्हणजे रेझिस्टन्स परत आला पण पेअरिंग पूर्ण गेलं नाही. इंडियम ऑक्साइडमध्ये फील्ड वाढवत नेलं की रेझिस्टन्स आधी प्रचंड चढतो आणि आणखी वाढवलं की पुन्हा उतरतो, त्याचाही एक अर्थ असाच लावतात की जास्त फील्डने अडकलेल्या पेअर फुटतात आणि सुटे इलेक्ट्रॉन निदान थोडं वाहायला लागतात.

सगळी मटेरियल मात्र याच रस्त्याने जातात असं नाही, काहींमध्ये पहिलाच रस्ता चालतो. तेवढं तुझं बरोबर.

ऐरोलीचा_बाब्या:

ताई _/\_ पेअर आणि व्हॉर्टेक्सवालं कागदावर केलं, आला ६,४५३! अजून एक, काही पेपरमध्ये सुपरकंडक्टर आणि इन्सुलेटरच्या मधे 'ॲनॉमलस मेटल' म्हणून आहे, थंड करत गेलं की रेझिस्टन्स कमी होत होत एका ठिकाणी थांबतो, शून्य होत नाही. मग मधे मेटल नाही हे खोटं का? मी तर पहिल्या स्लाइडवर तेच टाकलंय.

नेरुळची_ताई:

दोन मोठे गट आहेत आणि भांडण अजून चालू आहे. एक गट म्हणतो ही खरीच नवी अवस्था, मॉलिब्डेनम जर्मेनियमवर १९९९ पासून हे दिसतंय. दुसरा गट म्हणतो आधी वायरिंग बघा. २०१९ मध्ये इंडियम ऑक्साइड आणि नायोबियम डायसेलेनाइडवर दाखवलं की बाहेरून वायरमधून येणारा रेडिओ फ्रिक्वेन्सीचा नॉइज फिल्टर लावून अडवला की तो थांबलेला रेझिस्टन्स गायब होतो आणि फिल्म नीट सुपरकंडक्टिंग होते. थर्मामीटर मिलिकेल्विन दाखवतोय पण इलेक्ट्रॉन बिचारे नॉइजने गरमच. सगळ्या सॅम्पलचं उत्तर हेच असेल असं मी म्हणणार नाही, पण फिल्टरचं एक अक्षर नसलेला पेपर मी तरी जरा जपूनच वाचते. पहिल्या स्लाइडवर 'मेटल नाही' ऐवजी 'मेटल आहे का?' कर, सर तिथेच पकडणार तुला.

रबाळे_कोटिंग:

नॉइजचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे आरएफ पॉवर सप्लाय चालू असला की शेजारच्या गेजचं रीडिंग नाचतं, आणि इथे तर मिलिकेल्विनच्या गप्पा.

घोडबंदर_रोड_१:

भोकांवालं पटलं, हे माहीत नव्हतं. बाब्या, फील्डने होणारं ट्रान्झिशन सांगणार असशील तर १९९० चं हेबार्ड आणि पालानेनचं इंडियम ऑक्साइड घे. वेगवेगळ्या टेम्परेचरच्या रेझिस्टन्स विरुद्ध फील्ड अशा रेघा एकाच ग्राफवर काढ, सगळ्या एका बिंदूत कापतात, तो क्रिटिकल फील्ड. मग आडव्या अक्षावर फील्ड उणे क्रिटिकल फील्ड घेऊन त्याला टेम्परेचरच्या योग्य घाताने भागलं की सगळे पॉइंट दोन रेघांवर येऊन बसतात, एक वर जाणारी एक खाली. एक्सपोनंट विचारतीलच, त्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो, न्यू (ट्रान्झिशनजवळ फेज जुळण्याची लांबी कशी वाढते) आणि झेड (त्या लांबीबरोबर काळ कसा वाढतो), आणि नुसत्या या ग्राफवरून ते दोन वेगळे काढता येत नाहीत. ते आधीच सांगून टाक.

ऐरोलीचा_बाब्या:

वेगळे कसे काढतात मग??

नेरुळची_ताई:

टेम्परेचरऐवजी इलेक्ट्रिक फील्ड बदलून तसंच स्केलिंग करायचं, तिथे घातात झेडच्या जागी झेड अधिक एक येतो. दोन समीकरणं, दोन अज्ञात. पण जास्त करंटने फिल्म गरम होत नाहीये ना हे आधी तपासायला लागतं, नाहीतर दुसरं समीकरण म्हणजे पहिलंच वेश बदलून.