संप्रदाय सोडणाऱ्याला काय हवे: बहिष्कारविरोधी कायदा की नव्याने उभे राहण्याचे बळ?

मृण्मयी (चर्चेचा प्रस्ताव)

सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने उभारलेल्या मोहिमेचा या कायद्यामागे मोठा वाटा आहे आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही. मात्र ज्याला कोणी बाहेर काढलेले नाही, जो स्वतःच्या विचाराने एखाद्या कडक संप्रदायातून बाहेर पडला आहे, अशा माणसाच्या हाती हा कायदा फारसे काही देत नाही, असे माझे मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हे लिहीत आहे.

मी अशाच एका संप्रदायात वाढले. आईवडील अजून त्यातच असल्यामुळे त्याचे नाव देत नाही. कोणाशी मैत्री करावी, काय वाचावे, कोणत्या डॉक्टरकडे जावे आणि कोणाच्या घरी लग्नाला जाऊ नये, हे सारे वरून ठरत असे. विशीत मी बाहेर पडले तेव्हा मला कोणी मारले नाही, धमकावले नाही. फक्त फोन येणे थांबले. माझ्या पदवीची कागदपत्रे घरी होती, माझे नाव घरच्याच शिधापत्रिकेवर होते आणि भाड्याची खोली देणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न घरच्यांविषयीच विचारत होता. रुग्णालयाच्या अर्जावर जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहावे, हे मला सुचले नाही. त्याहून अवघड गोष्ट मनातली होती. साधा ताप आला तरी हा कोप तर नसेल, अशी शंका कित्येक वर्षे येत राहिली, आणि कोणाला न विचारता एखादा निर्णय घेणे ही गोष्ट मला मोठेपणी शिकावी लागली.

यातल्या कोणत्या गोष्टीसाठी मी पोलीस ठाण्यात जायला हवे होते? आईला दंड झाला असता तर ती माझ्याशी बोलू लागली असती का? म्हणून माझे म्हणणे असे आहे की आपण शिक्षेवर जितका विचार केला आहे तितकाच विचार तात्पुरता निवारा, शिक्षण, काम, समुपदेशन आणि अंत्यविधीची सोय यांवर करायला हवा.

श्रीरंग

मृण्मयीताई, तुमच्या वेदनेविषयी पूर्ण आदर ठेवून मी याच्याही पुढे जाऊन म्हणतो की या क्षेत्रात फौजदारी कायद्याने पाऊल टाकूच नये. संघटित होण्याच्या स्वातंत्र्यात कोणाला सोबत ठेवायचे नाही हे ठरवण्याचे स्वातंत्र्यही येते. कॅनडात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाच्या कॅल्गरी येथील एका मंडळीने घरांची विक्री करून देणाऱ्या एका दलालाला बाहेर काढले. त्याचे बरेचसे ग्राहक त्याच पंथातले असल्यामुळे त्याचा व्यवसाय बुडाला, असा त्याचा दावा होता. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की धार्मिक गटाने कोणाला सदस्य ठेवावे, यात एखादा कायदेशीर हक्क गुंतलेला नसेल तर न्यायालय पडणार नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो.

याच पंथातील तीन मुलांना केरळमधील शाळेने राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल काढून टाकले होते आणि १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मुलांच्या बाजूने निकाल दिला होता, हेही विसरता येत नाही. मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत होती, केवळ गात नव्हती. बहुसंख्यांना विचित्र वाटणाऱ्या छोट्या गटाला कायद्याचे संरक्षण लागते, आणि शिस्त कडक आहे एवढ्यावरून सरकार त्याच्या दारात उभे राहू लागले तर ते कुठे थांबेल? गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी मांसाहार आणि मद्य सोडतो, एकादशी धरतो, वारी चुकवत नाही. त्याच्या आयुष्यावरही नियमांचा पगडा आहे. मग त्यालाही आपण याच यादीत घालणार आहोत का?

मृण्मयी

श्रीरंगराव, वारकऱ्याचे उदाहरण तुम्ही दिलेत हे बरे केलेत, कारण माझ्या मनातील कसोटी त्यानेच स्पष्ट होते. नियम किती कडक आहेत, हा माझा प्रश्न नाही. ज्याने माळ उतरवली त्याला मनात अपराधी वाटेल, घरची वडीलधारी माणसे रागावतील, पण त्याच्या दुकानातून माल घेणे गाव थांबवत नाही, त्याच्या बहिणीचे लग्न मोडत नाही आणि तो मेल्यावर खांदा द्यायला माणसे येतात. एखाद्या गटाचा ताबा किती आहे, हे आत राहणाऱ्यांच्या दिनचर्येवरून कळत नाही, तो सोडणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते यावरून कळते. जिथे नोकरी, राहती जागा, उधारी, सोयरीक आणि दफनभूमी या पाचही गोष्टी एकाच हातात असतात, तिथे 'तुम्ही मोकळे आहात, जा' या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

अधिवक्ता_अलिबाग

दोघांच्याही म्हणण्यात एक महत्त्वाचा दुवा सुटतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२०१६ चा कायदा हा या विषयातला पहिला प्रयत्न नव्हे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृती रोखणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम समाजाचे तत्कालीन धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धार्मिक कारणावरून सदस्याला बाहेर काढणे हा पंथाच्या अंतर्गत व्यवस्थेचा भाग असून त्याला धार्मिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ चे संरक्षण आहे, असे बहुमताचे मत होते. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. बहिष्कृत माणूस समाजात जवळजवळ अस्पृश्याच्या स्थितीला पोहोचतो आणि त्याची प्रतिष्ठा जपणे हाच या कायद्याचा हेतू आहे, ही त्यांची भूमिका आजही वाचण्यासारखी आहे.

पुढे बोहरा सुधारकांच्या तक्रारींची चौकशी न्यायमूर्ती नथवानी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केली आणि १९७९ मध्ये अहवाल दिला. हा आयोग सरकारी नव्हता, जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या नागरी संघटनेने तो नेमला होता. धर्मगुरूंशी निष्ठेची शपथ म्हणजे मीसाक, लग्नापासून दफनापर्यंत लागणारी रजा म्हणजे परवानगी, आणि ती मोडणाऱ्यावर येणारी बरात म्हणजे संबंधविच्छेद, या तिन्हींची साखळी ऐहिक व्यवहारांपर्यंत कशी पोहोचते, हे त्या चौकशीतून पुढे आले. असगर अली इंजिनिअर यांनी या प्रश्नावर हयात घालवली. त्यांच्यावर हल्ले झाले, २००० साली मुंबईतील त्यांच्या घराची आणि कार्यालयाची मोडतोड झाली. धर्मपीठाच्या बाजूने न्यायालयात सातत्याने मांडले गेलेले म्हणणेही नोंदवतो: पंथाची एकता आणि शिस्त राखण्याचा तो धार्मिक अधिकार आहे. १९६२ च्या निकालाचा फेरविचार करावा, ही मागणी १९८६ पासून प्रलंबित होती आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने ती ९ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवली.

हे सारे सांगण्याचे कारण असे की मृण्मयीताई म्हणतात ती 'फोन येणे थांबले' ही घटना बहुतेक वेळा आपोआप घडत नाही. कोणीतरी वरून सांगितलेले असते. रायगड जिल्ह्यातील गावकीच्या प्रकरणांत मी हे वारंवार पाहिले आहे. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करण्याची मुभा या कायद्यात आहे, आणि शिक्षेची भीती असते म्हणूनच पंच तडजोडीला बसतात. ती भीती काढून घेतली तर नुसत्या समुपदेशनासाठी कोणताही पंच खुर्चीवर येऊन बसणार नाही.

गोदाकाठ

मी या विषयाच्या दुसऱ्या बाजूची आहे. माझा मुलगा आमचा संप्रदाय सोडून गेला. आम्ही आजही गुरूंच्या आज्ञेत आहोत आणि त्याविषयी मला संकोच वाटत नाही. यजमानांचे दारूचे व्यसन याच सत्संगामुळे सुटले, कर्जात बुडालो तेव्हा याच माणसांनी धान्य भरले. मुलगा गेला तो केवळ गेला नाही. आमच्या देवघरासमोर उभा राहून त्याने आमच्या गुरूंना लबाड म्हटले आणि धाकट्या बहिणीलाही सोबत चल म्हणून सांगितले. त्यानंतर मी त्याला घरी येऊ दिले नाही, तर तो बहिष्कार झाला का? मी त्याच्यासाठी रोज जप करते. वकील महोदयांच्या कायद्याने मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले तर माझा मुलगा मला परत मिळेल का?

मृण्मयी

गोदाकाठताई, तुमच्या जागी माझी आई आहे असे समजूनच मी लिहिते आहे. तुम्ही दुखावलात म्हणून दार लावलेत, ही एका आईची गोष्ट आहे आणि तिच्यात कायद्याला काहीही काम नाही. मला फक्त एवढेच विचारायचे आहे की उद्या तुम्हाला त्याला दिवाळीला बोलवावेसे वाटले, तर त्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागेल का? परवानगी लागत नसेल, तर हा तुमच्या दोघांमधला रुसवा आहे आणि तो आज ना उद्या मिटू शकतो. लागत असेल, तर वकील महोदयांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य करावे लागेल.

गोदाकाठ

विचारावे लागेल. आजवर मी कधी विचारून पाहिलेले नाही.

न्यू जर्सीकर

मी इकडे सामाजिक कार्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून नव्याने उभे राहण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे सांगतो. ब्रुकलिन आणि आसपासच्या भागांतील कर्मठ हसिदी ज्यू वस्त्यांमधून बाहेर पडणाऱ्यांसाठी 'फुटस्टेप्स' ही संस्था न्यूयॉर्कमध्ये २००३ पासून काम करते. तिथे येणाऱ्या अनेक तरुणांचे घरचे बोलणे यिडिश असते, मुलग्यांच्या शाळेत बहुतेक वेळ धर्मग्रंथांना दिलेला असतो आणि त्यामुळे विशीतल्या माणसाला इंग्रजी निबंध किंवा बीजगणित पहिल्यापासून शिकावे लागते. संस्था शिकवण्या, शिष्यवृत्ती, नोकरीसाठी मार्गदर्शन आणि समान अनुभव असलेल्यांचे गट चालवते. देव मानता की नाही, हा प्रश्न तिथे विचारला जात नाही. बाहेर पडलेल्यांपैकी काही जण धार्मिकच राहतात, फक्त वेगळ्या रीतीने.

सर्वांत कठीण लढा मुलांच्या ताब्याचा असतो. एक पालक पंथ सोडतो, दुसरा आत राहतो आणि मुलांना जुन्याच वातावरणात वाढवायचे ठरले होते, असे न्यायालयाला सांगितले जाते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आईला मुलांचा ताबा पुन्हा दिला आणि मुलांसमोर तिने स्वतःला पटत नसलेल्या धर्माचरणाचा देखावा करावा अशी सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. सणावारी सारे घर सुने वाटते, ही तक्रार मी सर्वांकडून ऐकतो. म्हणून सणांच्या दिवशी एकत्र जेवण ठेवणे हा आमच्या लेखी करमणुकीचा कार्यक्रम नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

तर्कनिष्ठ

अशा संस्था लोकांनी स्वतःच्या पैशाने चालवाव्यात, मी स्वतः देणगी देईन. पण मृण्मयीताईंच्या प्रस्तावात सरकारचा खर्च गृहीत आहे आणि तिथे माझा विरोध आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात आईवडील आपल्या सज्ञान मुलांना पंथांतून 'सोडवण्यासाठी' पैसे देऊन पळवून आणत आणि त्यांचा विश्वास मोडेपर्यंत त्यांना खोलीत कोंडून ठेवत. हेतू प्रेमाचा होता, कृती मात्र अपहरणाची होती. आपल्याकडेही केरळमधील एका सज्ञान, सुशिक्षित तरुणीने धर्म बदलून विवाह केला तेव्हा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो विवाह रद्द करून तिला आईवडिलांच्या ताब्यात दिले होते, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो निर्णय फिरवावा लागला. सुटकेची यंत्रणा सरकारच्या हाती दिली की कोणाची सुटका करायची, हे सरकारला न आवडणाऱ्या श्रद्धेवरून ठरू लागते.

मृण्मयी

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. म्हणून माझी अट अशी आहे की कोणालाही आणायला कोणी जाऊ नये. जो स्वतः चालत येईल त्यालाच मदत मिळावी आणि तो कोणत्या गटातून आला, याची नोंदही ठेवू नये. बेघराला निवारा देताना आपण त्याची श्रद्धा विचारत नाही. हरवलेल्या प्रमाणपत्रांची दुय्यम प्रत घरच्या पत्त्याशिवाय मिळणे, नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात पालकांच्या सहीशिवाय प्रवेश मिळणे, अंत्यविधीसाठी मृताने स्वतः नेमलेल्या मित्राचे म्हणणे ऐकले जाणे, एवढ्या गोष्टी झाल्या तरी पुष्कळ होईल. यांत कोणत्याही पंथाविरुद्ध काही नाही.

श्रीरंग

एवढ्यापुरता माझा विरोध नाही. वकील महोदयांना मात्र विचारतो: आईचा रुसवा आणि वरचा आदेश यांत फरक करायचा म्हणता, तो न्यायालयात सिद्ध कसा करणार? असे आदेश कोणी कागदावर देत नाही.

अधिवक्ता_अलिबाग

तोंडी दिलेला बहिष्कारही कायद्याच्या व्याख्येत येतो, त्यामुळे कागद नसणे ही अडचण निर्णायक नाही. एका घराने बोलणे सोडले तर तो घरचा प्रश्न. एकाच आठवड्यात वीस घरांनी आमंत्रणे थांबवली, दुकानदाराने माल नाकारला आणि पूर्वी बोलणारी माणसे साक्षीत एकच वाक्य सांगू लागली, तर परिस्थितीजन्य पुरावा तयार होतो. आरोपी तिथे आदेश देणारा असतो, आई नसते. या कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिकाऱ्याची तरतूद आहे. त्याने पहिल्या महिन्यातच नोंदी घेतल्या तर काम होते, वर्षभराने घेतल्या तर साक्षीदार फुटतात. धर्मसंस्था न्यायालयाच्या दबावाने नरमतात, याचे एक उदाहरणही देतो. धर्माबाहेर विवाह केलेल्या एका पारशी स्त्रीला आईवडिलांच्या अंत्यविधीला येऊ देण्यास वलसाडच्या अंजुमनचा, म्हणजे तिथल्या पारशी समाजसंस्थेचा, नकार होता. प्रकरण घटनापीठापुढे पोहोचल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये अंजुमनने तिला परवानगी देण्याचे मान्य केले. त्यात कोणालाही तुरुंगात जावे लागले नाही. गोदाकाठताईंनी विचारून पाहावे, आणि उत्तर कोणी दिले व काय दिले, हे तारखेसह लिहून ठेवावे.