सत्तर ग्रॅमसाठी किती जीव टाकायचा?

सायकलची चाकं आवळून धरणारे स्क्युअर (चाकाच्या मधून आरपार जाणारा दांडा, एका टोकाला लिव्हर, दुसऱ्याला नट) टायटॅनियमचे घेऊन जोडीमागे ७० ग्रॅम वाचवण्याचा बेत इथे कुणीतरी मांडलाय, तो वाचला. सिंहगडावर खाल्लेली कांदाभजी त्याहून जड भरतात हो!

वजनापेक्षा कॅम, म्हणजे लिव्हर फिरवला की दांडा ओढून आवळणारा भाग, कुठे आहे ते आधी बघा. हलके स्क्युअर बहुतेक उघड्या कॅमचे असतात. लिव्हर प्लॅस्टिकच्या वॉशरवर घासतो, धूळ-चिखल आत जातो आणि तेवढाच जोर लावूनही पकड कमी मिळते. शिमानोचा साधा, स्टीलच्या दांड्याचा स्क्युअर बंद कॅमचा. दिसायला मठ्ठ, पण घट्ट. मी हलके लावले होते. कात्रज चढताना उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक सरकून ब्रेकला घासायचं. आता मागे स्टीलच. पुढेही डिस्क ब्रेक असेल तर हौस नको, कारण ब्रेक दाबला की तो चाकाला खाचेतून बाहेर ढकलू बघतो.

लिव्हर अर्ध्यावर आला की जोर लागायला हवा, आणि बंद केल्यावर तळव्यावर वळ उमटायला हवा. नट पिळून घट्ट करू नका, काम कॅमचं आहे. दांडा किती लांब लागेल ते हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) ठरतं, म्हणून मागच्या हबची रुंदी १३० की १३५ मिमी, तेवढं मोजूनच दुकानात जा.