द्राक्षबागेतल्या लोरा नोडची बॅटरी टिकत नाही, बोर्ड बदलू का?

निफाडकर_शेती: बागेत मातीचा ओलावा मोजून रेडिओने पाठवणारा नोड लावलाय, ईएसपी३२ या कंट्रोलर चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड, आरएफएम९५ हा लोराचा (लांब पल्ल्याचा, कमी पॉवरचा) रेडिओ आणि 2600 एमएएचचा एक 18650 लिथियम-आयन सेल. अर्ध्या तासाने एकदा रीडिंग पाठवतो, बाकी वेळ डीप स्लीप, म्हणजे चिप जवळपास बंद. डेटाशीटमध्ये झोपेतला करंट 10 मायक्रोअँप लिहिलाय म्हणून वर्षभर बघायला नको असं वाटलेलं, पण दहाएक दिवसात सेल खलास. चिपच बदलावी का?

सोल्डर_भाऊ: 10 मायक्रोअँप नुसत्या चिपचे हो, बोर्डाचे नाहीत. त्या बोर्डावर सेलचं व्होल्टेज 3.3 वर आणणारा एएमएस1117 रेग्युलेटर असेल तर तो नुसता बसून 5 मिलिअँपच्या आसपास खातो, वरून पॉवरचा एलईडी आणि यूएसबीची चिप. सगळं मिळून 10 मिलिअँप धरा, म्हणजे दिवसाला 240 एमएएच, तुमचे दहा दिवस इथेच गेले. शिवाय त्या रेग्युलेटरला व्होल्टभर ड्रॉप लागतो, म्हणजे आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा तेवढं जास्त हवं, सेल 3.7 वर आला की चिप उपाशी. त्याच्या जागी एमसीपी1700 रेग्युलेटर लावा, स्वतः 2 मायक्रोअँपसुद्धा खात नाही, पण 250 मिलिअँपच देतो, म्हणून वायफाय बंदच ठेवा आणि मोठा कपॅसिटर टाका.

रात्रपाळी: आणि रेडिओला कोडमधून झोपवलंय का? चिप झोपली म्हणून आरएफएम९५ मधली एसएक्स1276 ही रेडिओची चिप आपोआप झोपत नाही, स्टँडबायमध्ये राहिली तर दीड मिलिअँप जातोच, रिसीव्हमध्ये राहिली तर दहाच्या वर. ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सरपण कायम चालू असेल तर तोही 5 मिलिअँप घेतो, त्याची पॉवर मॉस्फेटने (कोडमधून चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) तोडा. मला विचाराल तर एवढ्याशा कामाला ईएसपी३२ म्हणजे चटणी वाटायला डंकीच. 3.3 व्होल्ट, 8 मेगाहर्ट्झवाला आर्डुइनो प्रो मिनी बोर्ड घ्या, रेग्युलेटर आणि एलईडी उपटून टाका, ठराविक वेळाने जागं करणारा वॉचडॉग टायमर चालू ठेवूनही पाच-सहा मायक्रोअँपवर झोपतो.

निफाडकर_शेती: सेन्सर कायम चालूच आहे 😅 रेडिओचं बघतो. प्रो मिनीला सेल डायरेक्ट चालेल?

रात्रपाळी: 18650 नको, फुल चार्जला 4.2 होतो आणि आरएफएम९५ ला 3.7 च्या वर चालत नाही. लिथियम फॉस्फेट सेल घ्या, 3.2 वाला, तो चालतो, फक्त नोडला जोडलेला असताना चार्ज करू नका.

सोल्डर_भाऊ: करंट मोजताना मीटर मायक्रोअँप रेंजवर ठेवून नोड जागा करू नका, मीटरमध्येच व्होल्टेज पडून बोर्ड रिसेट मारत बसतो. आधी मोठ्या रेंजवर चालू करा, झोपला की खाली उतरा.