मदत हवी आहे: आजोबा मुद्दाम हरतात हे लेकीला कळलं, आता ती पटाला हातच लावत नाही

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून २३ मुलं. आनंददायी शनिवार सुरू झाल्यापासून त्या दिवशी मी बुद्धिबळ घेते. घरीही बुद्धिबळ आहेच, कारण सासरे (वय ७६) आयुष्यभर खेळत आलेत आणि त्यांनीच माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला दिवाळीच्या सुट्टीत शिकवलं.

आधी घरचं सांगते. रोज रात्री जेवणं उरकली की सोप्यात पट मांडायचा, असं तीन महिने चाललं होतं. पाच-सहा डावांत एखादा डाव ती जिंकायची आणि दुसऱ्या दिवशी शाळाभर सांगत फिरायची. मागच्या रविवारी तिने उंटाने आजोबांचा वजीर मारला आणि हात तसाच ठेवून थांबली. म्हणाली, "आजोबा, हा उंट तुम्हाला दिसला नव्हता?" ते म्हणाले, "नाही गं, आता नजर कमी झाली." तिने वजीर उचलून परत त्याच्या घरात ठेवला. "परवा तुम्ही ह्याच तिरक्या रेघेवरून माझा हत्ती मारला होता. तुम्हाला सगळं दिसतं." मग सोंगट्या डब्यात भरल्या आणि आत जाऊन झोपली.

आठ दिवस झाले. ती खेळत नाही, आणि आजवर जिंकलेले सगळे डाव तिला आता खोटे वाटतात. सासरे रात्री पट काढतात, पुसतात, थोडा वेळ बसतात आणि परत ठेवून देतात. मला दोघांचंही वाईट वाटतं. ते प्रेमानेच हरत होते. पण लेकीचंही काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता शाळेचं. माझ्याकडे चार पट आहेत. एका संचात पांढरा घोडा नाही, तिथे पेनाचं टोपण. काळी प्यादी कमी पडतात, तिथे चिंचोके. चार पटांवर आठ जण खेळतात, उरलेले पंधरा बाहेरून चाली सांगतात आणि भांडणं होतात. त्यात तिसरीतला एक मुलगा मामाकडून चार चालींची मात शिकून आला. दोन शनिवारांत त्याने सगळ्यांना हरवलं, आणि आता पाच-सहा मुली "आम्हाला नको, आम्ही रांगोळी काढतो" म्हणतात.

तर विचारायचं हे आहे:
खरं खेळलं तर लेक रोज हरणार. खोटं खेळलेलं तिला कळतं. मधला रस्ता कुणी काढलाय का?
२३ मुलं आणि ४ पट, कुणीही नुसतं बसून राहणार नाही असं कसं जमवायचं?
आणि सासरे देशी नियमांनी खेळतात, मी शाळेत आंतरराष्ट्रीय नियम शिकवते. लेकीचा गोंधळ होतो. घरचे नियम बंद करायला सांगू का?

---

अडीच_घरं:

ताई, मी बुद्धिबळमहर्षी भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीत वाढलो आणि बारा वर्षं मुलांना शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुद्दाम हरणं आजच्या आज बंद करा. त्याऐवजी उघड सवलत द्या. आजोबांनी डाव सुरू व्हायच्या आधीच, तिच्यासमोर, आपला वजीर डब्यात ठेवायचा. मग दोघांनीही जीव तोडून खेळायचं. ती लागोपाठ दोन डाव जिंकली की आजोबांना वजीर परत, पण एक हत्ती कमी. पुन्हा दोन जिंकली की हत्ती परत आणि घोडा कमी. शेवटी नुसतं एक प्यादं कमी. एका वहीत हे लिहून ठेवा. "मी आता हत्तीवर आले" असं मूल सांगतं तेव्हा त्यात खोटं काही नसतं. ही पद्धत जुनी आणि मानाची आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा पॉल मॉर्फी दुबळ्या खेळाडूंशी घोडा किंवा हत्ती कमी घेऊन खेळायचा आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही.

दुसरा उपाय, पट फिरवणे. डाव आजोबांच्या बाजूने पुरता झुकला की पट अर्धा फिरवायचा. त्यांचा जिंकत आलेला डाव तिच्याकडे आणि तिचा मोडका डाव त्यांच्याकडे. जिंकत आलेला डाव जिंकून दाखवणं सोपं नसतं, ते तिला तिथे कळेल. आणि म्हाताऱ्या खेळाडूला पडका डाव सावरायला फार आवडतं, हा माझा अनुभव आहे.

चाल परत घ्यायला तिला डावाला तीन चिंचोके द्या. एक चिंचोका दिला की एक चाल परत. संपले की संपले. शाळेत मात्र हे नको, तिथे हात लावलेली सोंगटी चालायचीच.

चार चालींच्या मातीबद्दल: त्या मुलाला थांबवू नका, त्यालाच फळ्यापुढे उभं करा. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग वजीर तिरका पटाच्या कडेला, मग उंट, आणि शेवटी वजिराने राजाच्या उंटापुढचं प्यादं मारून मात. ते प्यादं एकट्या राजाच्या भरवशावर असतं, सगळी गोम तिथे आहे, हे त्याला बोलून दाखवू दे. मग बाकीच्यांना तोड शिकवा. वजीर कडेला आला की आधी घोडा काढून मधलं प्यादं राखायचं. उंट आला की राजाच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवून वजिराला हाकलायचं. वजीर उंटापुढच्या प्याद्यासमोर येऊन पुन्हा मातीची धमकी देईल, तेव्हा दुसरा घोडा मध्ये आणून वाट बंद. आता काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आहेत आणि पांढऱ्याचा वजीर नुसता भटकतोय. मुलींना ही तोड आधी शिकवा आणि मग त्याच्यासमोर बसवा.

---

कोथरूडची_आई:

२३ मुलं ४ पट यावर: एका पटावर सहा जण, प्रत्येक बाजूला तिघं. पहिला फक्त मोहऱ्याचं नाव सांगतो, "घोडा". दुसरा तो घोडा कुठे न्यायचा ते ठरवून चालतो. तिसरा चाल लिहितो. पाच-पाच चालींनी कामं बदलायची. पहिल्याने आणखी काही बोललं तर एक चाल समोरच्याला. चार पटांवर २४ जागा होतात, तेवीस मुलं आणि चोविसाव्या तुम्ही. आमच्या सोसायटीत सुट्टीत आम्ही आजी, नातवंडं, आईबाप मिसळून असंच खेळतो. हरलं तरी कुणा एकट्याच्या अंगावर येत नाही, हे त्यातलं सगळ्यात चांगलं.

पहिलीच्या मुलांना नुसती प्यादी द्या. आठ विरुद्ध आठ, ज्याचं प्यादं आधी पलीकडे पोचलं तो जिंकला. दहा मिनिटांत डाव संपतो, आणि प्यादं तिरकं मारतं हे डोक्यात पक्कं बसतं.

---

वऱ्हाडी_वजीर:

लेकीत गुण दिसतोय, उंटाची रेघ लक्षात ठेवणारी पोरगी आहे. वेळ घालवू नका, तालुक्याला क्लास लावा, स्पर्धेत उतरवा, रेटिंग मिळवा. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैमध्ये बटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि तिथेच ग्रँडमास्टर झाली, वय १९. शिवाय बुद्धिबळाने गणितही सुधारतं.

---

अडीच_घरं:

दिव्याचा अभिमान मलाही तेवढाच आहे. पण फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंग आता १४०० पासून पुढेच सुरू होतं, तीन महिने खेळलेल्या मुलीसाठी ते फार लांब आहे. आत्ता तिला पटावर परत बसवणं हेच काम आहे. गणिताचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये १०० शाळांत मोठी चाचणी झाली होती. पाचवीच्या मुलांना वर्षभर बुद्धिबळ शिकवलं, पुढे वर्षाने तपासलं, आणि २०१६ मध्ये अहवाल आला की गणितात फरक दिसला नाही. खेळ आवडतो म्हणून खेळावा. मुलांना आणखी एक विषय लादल्यासारखं वाटू देऊ नये.

---

पिंपळपार:

सूनबाई, मी तुमच्या सासऱ्यांच्याच वयाचा. देशी नियम बंद करू नका, एवढं कळकळीने सांगतो. आमच्या लहानपणी प्यादं पहिल्यापासून एकेकच घर चालायचं. कॅसलिंग (राजा दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो, ती एकच चाल) नव्हतं, पण राजाला शह बसलेला नसेल तर एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी होती. प्यादं पलीकडे पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच ते व्हायचं, म्हणजे घोड्याच्या पट्टीतलं प्यादं घोडाच होणार, वजीर नाही. त्यामुळे कुठलं प्यादं पुढे काढायचं हे सुरुवातीलाच ठरवावं लागायचं. आणि प्याद्याने मात दिली की चार माणसं उठून बघायला यायची.

गोंधळ टाळायला वार ठरवा. बुधवारी देशी, बाकी दिवशी शाळेचे नियम. शाळेच्या नियमांत लेकीने आजोबांना शिकवायचं. राजा शहातून पलीकडे जात असेल तर कॅसलिंग होत नाही, हे मला सत्तरीत नातवाने शिकवलं. त्याने माझी चूक पकडली त्या दिवशी तो जेवढा खूश झाला तेवढा मला हरवूनही कधी झाला नव्हता.

आणि खाडिलकर भगिनी आठवा. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पुढची कित्येक वर्षं अजिंक्यपद त्या तिघींतच फिरत राहिलं. घरातच हरायचं, घरातच जिंकायचं, आणि एकाच ताटावर बसायचं. घरातलं माणूस खरं खेळतंय याची खात्री असल्याशिवाय ते जमत नाही. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, एकदा नातीला "हो, मी मुद्दाम हरत होतो, चुकलं" असं सरळ सांगून टाका.

---

(धागाकर्ती, तीन आठवड्यांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

पिंपळपार काका, तुमचा निरोप मी सासऱ्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. रात्री पट मांडला, लेकीला हाक मारली आणि आपला वजीर उचलून तिच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ठेव. मी मुद्दाम हरत होतो, ते चुकलं. आता ह्याच्याशिवाय खेळतो, पण सोडणार नाही तुला." ती बराच वेळ वजीर मुठीत धरून बसली, मग समोर येऊन बसली. तो डाव ती हरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हरली. पाचव्या डावाला जिंकली, आणि त्या वेळी तिने आधी आजोबांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ते खरोखर वैतागले होते. मग ती उड्या मारत माझ्याकडे आली. वहीत अजून "वजीर" पायरीवरच आहे, पण रोज खेळते. बुधवारच्या देशी डावाला तर शेजारचे दोन आजोबाही येऊन बसतात.

शाळेत तिघातिघांचा खेळ छान चालला. चार चालींची मात त्या मुलाने फळ्यावर समजावून दिली, आणि रांगोळीवाल्यांपैकी एकीने पुढच्या शनिवारी त्याचा वजीर घोड्याने कोंडून मारला. आता तो तिच्याकडे तोड विचारायला जातो.

एक नवा प्रश्न मात्र निघालाय. चाली लिहिताना पटाच्या उभ्या पट्ट्यांची ए ते एच ही अक्षरं पहिली-दुसरीच्या मुलांना जड जातात. चौथीतल्या एका मुलीने परस्पर क, ख, ग, घ, च, छ, ज, झ असं सुरू केलं. ङ सोडला तर बरोबर आठ पट्ट्या होतात! राजापुढचं प्यादं दोन घरं म्हणजे च४. मुलं पटापट लिहायला लागली. फक्त घोडा "घ" आणि पट्टीही "घ", म्हणून घोड्याला "घो" लिहितात. हे असंच चालू ठेवलं तर पुढे केंद्राच्या स्पर्धेत मुलांना अडेल का?

---

अडीच_घरं:

मोहऱ्याचं आद्याक्षर आपल्या भाषेत लिहायला फिडेच्या नियमांतही मुभा आहे, तेव्हा "घो" कायम राहू दे. पट्ट्यांना मात्र स्पर्धेत ए ते एचच लागतात. पटाच्या एका कडेला क ते झ आणि समोरच्या कडेला ए ते एच लिहून चिकटवा. तिसरी-चौथीची मुलं महिन्याभरात दोन्ही वाचतील, पहिलीच्यांना घाई नको. आणि त्या टोपणाच्या घोड्यासाठी पत्ता कळवा, माझ्याकडे सुटे घोडे बरेच पडलेत.