बारा कोंबड्या, आठ वाफे: मोकळ्या सोडू की कोंडून ठेवू?

मातीतली (प्रश्न)

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण आज सकाळचा प्रकार कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घरामागच्या तुकड्यात चार फूट रुंद आणि बारा फूट लांब असे आठ गादीवाफे केलेत, कोपऱ्यात खुराडं. दहा कोंबड्या, एक कोंबडा आणि अजून अंड्यावर न आलेली एक तलंग. कोंबड्या किडे खातील, खत देतील, उरलासुरला पाला त्यांना जाईल, असं गोल गोल चित्र काढून मी ते चक्क फ्रीजवर चिकटवलं होतं.

गाजराचं बी टाकलं त्याच्या नवव्या दिवशी वाफ्यात तीन जणी आडव्या पडून पंखांवर माती उडवत होत्या. एकीचे तर पाय आभाळाकडे. मग चार फुटी जाळी लावली, वरून बांबूची आडवी पट्टी, अगदी नीटनेटकी. काळी कोंबडी (ही आमची पुढारीण) पट्टीवर बसली, दोन्ही बाजूंना बघितलं आणि पालकात उतरली. बाकीच्या मागोमाग.

शेवटी कोंडल्या. पंधरा दिवसांत खुराड्यात नाक धरायची वेळ आली, एकमेकींची पिसं उपटायला लागल्या, आणि अंड्याचं कवच असं पातळ की उचलताना बोट आत जायचं. खाणं म्हणाल तर घरातलं उरलेलं आणि थोडं धान्य.

आता आजचं. चार दिवसांपूर्वी खुराडं झाडून निघालेलं सगळं टोमॅटोच्या बुडात घातलं होतं. चौदा रोपांपैकी नऊ रोपांच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्यात, माना टाकल्यात. हे म्हणतात, एक काय ते ठेव, भाजी नाहीतर कोंबड्या. मला दोन्ही हवंय. कसं जमवता तुम्ही लोक?

बांधावरून

ताई, काळीला माझा नमस्कार सांगा. माझ्याकडेही अशीच एक होती, तांबडी.

मीही आधी जाळ्याच लावत बसलो होतो. नंतर लक्षात आलं की दोघांना जागा वेगळी देण्यापेक्षा वेळ वेगळी देणं सोपं. कोंबड्या बहुतेक अंडी दुपारच्या आत घालतात. म्हणून दुपार टळेपर्यंत आत, आणि मावळायच्या तास-दीड तास आधी दार उघडायचं. चरून, उकरून होईतो अंधारायला लागतं आणि त्या आपल्या पायांनी परत येतात, मागे धावावं लागत नाही. आणि अंडी बांधाबांधावर शोधत फिरायला नको. एवढ्या वेळात मोठ्या झाडांचं फार काही बिघडत नाही. कोवळी रोपं मात्र झाकायलाच हवीत, तिथे दहा मिनिटंही पुरतात.

दुसरं म्हणजे, पीक निघालेला वाफा त्यांच्या हवाली करा. मी वाफ्याच्याच मापाचा बिनतळाचा हलका पिंजरा केलाय, वर जाळी, एका टोकाला सावली. पीक काढलं की पिंजरा त्यावर. दिवसा चार-पाच जणी आत, रात्री सगळ्या खुराड्यात. आठ-दहा दिवसांत तण, गोगलगायी, अळ्या, कोष सगळं साफ. गांडुळंही खातात, ते मान्य करून टाकायचं.

पण त्या वाफ्यावर लगेच पालेभाजी किंवा गाजर-मुळा नको. ताज्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमात कच्चं शेणखत किंवा कोंबडखत घातल्यावर, मातीला टेकणाऱ्या भाजीची काढणी १२० दिवसांनी आणि न टेकणाऱ्या भाजीची ९० दिवसांनी करायला सांगितलंय. मी त्याच हिशेबाने चालतो. कोंबड्या निघाल्या की तीन आठवडे वाफा पडू द्यायचा, मग टोमॅटोची रोपं लावून काठ्यांना बांधायची. लाल फळ हातात येईतो नव्वद दिवस सहज होतात. गाजर त्या वाफ्यात, जिथे कोंबड्या बऱ्याच महिन्यांत गेल्या नाहीत.

गाजराच्या वाफ्यात त्या बी खायला नव्हत्या आल्या, अंघोळीला आल्या होत्या. भुसभुशीत कोरडी माती दिसली की त्यांना राहवत नाही, उवा-पिसवा झाडायची त्यांची ती रीत आहे. सावलीत एक जुनं टायर ठेवा, त्यात कोरडी माती आणि चाळलेली राख. वाफ्यावरची गर्दी बरीच कमी होईल.

कुजकट (आयडी खताच्या ढिगावरून घेतलाय, स्वभावावरून नाही)

टोमॅटोबद्दल बोलतो. कोंबडखतात नत्र (नायट्रोजन) भरपूर, तेही पटकन सुटणारं. त्याचा अमोनिया होतो, क्षारही असतात, मुळं करपतात. गाईच्या शेणाचा अंदाज इथे लावायचा नाही. आता बुडातलं सगळं हाताने काढा आणि भरपूर पाणी देऊन माती धुऊन काढा. ज्यांचा शेंडा हिरवा आहे ती कदाचित वाचतील.

एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम ओली विष्ठा टाकते. तुमच्या बारा जणींची दीड किलोच्या आत-बाहेर, महिन्याला चाळीसेक किलो. एवढ्याला कोरडा पाला भरपूर लागतो. मी एक बादली विष्ठेला तीन बादल्या वाळकी पानं घेतो. कुजणाऱ्या ढिगात कर्ब (कार्बन, वाळक्या पाल्यात भरपूर असतो) आणि नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं लागतं, आणि कोंबडखत एकटं १० ला १ च्या आसपास असतं, म्हणून ही उठाठेव. ढीग मीटरभर लांब, रुंद आणि उंच असला तरच तापतो. लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढा, हाताला चटका बसला पाहिजे. नाकाला झोंबलं तर पाला कमी पडला, ढीग गार आणि चिकट असेल तर पाणी जास्त झालं. आतलं बाहेर, बाहेरचं आत करत राहा. एकूण तीन-चार महिने धरा.

खुराड्यातला वासही त्याच अमोनियाचा. खाली चार बोटं कोरडा भुसा किंवा पाला पसरा, ओला झालेला भाग रोज उचला. पाण्याचं भांडं सांडत असेल तर आधी ते बघा. ओल्या भुशात रक्ती हगवण पसरते आणि पिल्लं पटापट जातात.

खुडूक

जाळीची उंची वाढवू नका, वरची बांबूची पट्टी काढा. कोंबडी सहसा कुंपणावरून थेट पलीकडे जात नाही. आधी वर बसायला काठ शोधते, तिथे बसते, मग उतरते. काठ हलता, लुळा दिसला की बहुतेक जणी नाद सोडतात. तरी गेली तर एकाच बाजूच्या पंखाची लांब पिसं कापायची. दोन्ही बाजूंची कापलीत तर तोल सांभाळून ती पुन्हा उडेल. कोवळी, रक्त असलेली पिसं कापायची नाहीत. पिसं झडून नवी आली की परत कापावी लागतात.

पातळ कवच म्हणजे बहुधा कॅल्शियम कमी पडतंय. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते साडेतीन-चार टक्के लागतं, उरल्यासुरल्यात कुठलं येणार? अंड्यावरच्या जणींना त्यांचं तयार खाद्य मुख्य ठेवा (तलंगेला ते नको), बाकीचं तोंडी लावण्यापुरतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. जिला हवं ती खाईल. खाद्यात मिसळू नका, तलंगेला एवढं कॅल्शियम सोसत नाही, मूत्रपिंडं बिघडतात. हिरवे पडलेले बटाटे, त्यांची सालं आणि कच्च्या राजम्यासारखी कडधान्यं अजिबात नको.

मातीतली (सात आठवड्यांनी)

हिशोब द्यायला आले. नवातली चार रोपं वाचली, पाच गेली. पट्टी काढल्यावर काळी जाळीखाली तासभर मान वाकडी करून फिरली आणि कोंबड्यावर डाफरून निघून गेली. तिचं पीस कापावं लागलं नाही.

टायरमध्ये पहिल्या दिवशी कुणी फिरकलं नाही. मग मीच मूठभर धान्य टाकलं, आता नंबर लावून बसतात. कवचं तीन आठवड्यांत सुधारली. संध्याकाळी सोडते, पण दोनदा विसरून दुपारीच दार उघडं राहिलं आणि कोबीची सहा रोपं गेली. ती माझी चूक, त्यांची नाही.

ढीग दोनदा तापला. घाई करून कुंडीत थोडं खत घेतलं आणि मुळ्याचं बी पेरून बघितलं: उगवलं, पण आठव्या दिवशी पानांच्या कडा पिवळ्या. म्हणजे अजून कच्चं आहे, परत झाकून ठेवलंय.

ह्यांनी स्वतःहून पिंजऱ्याला चाकं लावून दिलीत. आणि काळी खुडूक (अंडी उबवायला) बसलीय, हात लावू देत नाही. काल रात्री तिच्या पोटाखाली नऊ अंडी सरकवली. एकवीस दिवस मोजायचे ना, की बसवल्याचा दिवस धरायचा नाही?

खुडूक

बसवल्याचा दिवस शून्य. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा, बाकीच्या जणी गुपचूप त्यात भर घालतात. आणि ती दिवसातून एकदा तरी उठून खाते-पिते ना, तेवढं बघा.